तीन नंबरच्या प्रेसबद्दल

हिगाशी-कसाई, तोक्यो
६ ऑक्टोबर २०२४

जयप्रकाश,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फोडलंस की तसंच टाकून दिलंस, मला ठाऊक नाही. फोडलं असशील तर आधीच सांगतो, जुनं काही उकरायला मी लिहीत नाहीये. माझी एक टेक्निकल अडचण आहे, आणि ती सोडवू शकेल असा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

मी गेल्या महिन्यात इथं आलो. माझा मुलगा पुष्कर इथं सॉफ्टवेअरमध्ये आहे, आठ वर्षं झाली. त्याची आई गेल्यापासून तो मागे लागला होता, बाबा, तीन महिने तरी या. कल्पनाच्या वेळी तू घाटावर मागे नळापाशी उभा होतास, ते मी पाहिलं होतं. मी पुढं येईपर्यंत निघून गेलास. असो.

घरातला कचरा वेगळा करण्याचं खातं माझ्याकडे आहे. कुठल्या वारी काय टाकायचं याचा तक्ता भिंतीवर लावलाय आणि बावीस दिवसांत एकही पिशवी चुकली म्हणून परत आलेली नाही. सूनबाई म्हणतात, बाबा, तुम्हाला इथं नोकरी मिळेल.

सूनबाई म्हणजे केतकी. नागपूरची. जपानी कंपनीत काम करते आणि त्यांची भाषा अशी बोलते की समोरचा माणूस आधी तिच्याकडे बघतो आणि मग मागे वळून, दुसरं कोणी बोललं का ते पाहतो. तिच्या ऑफिसात इशिमोरी-सान, म्हणजे आपल्या भाषेत इशिमोरीजी, म्हणून एक गृहस्थ आहेत. ते शनिवारी एका छोट्या संग्रहालयात फुकट काम करतात. नदीपलीकडे एक जुना कारखाना होता, युद्धाच्या आधीपासून तीनचाकी ट्रक बनवणारा. कारखाना केव्हाच बंद झाला. एक शेड राहिली, आणि त्या शेडमध्ये पत्र्यातून भाग ठोकून काढणारा एक पॉवर प्रेस. तो चालू करून दाखवायचा त्यांचा विचार आहे, पण चालवलेली माणसं उरली नाहीत. केतकी म्हणाली, माझे सासरे याच कामातले आहेत. म्हणून मला घेऊन गेले.

जयप्रकाश, मी दारात थबकलो. तो आपला तीन नंबर आहे. आपल्या प्रेस शॉपमधले पहिले सहा प्रेस जपानहून जुने म्हणून आणलेले, आठवतं? त्यांचाच सख्खा भाऊ. तेच जाड फ्लायव्हील, तसंच डाव्या अंगाला पेडल, आणि बॉडीवर हात ठेवला की तसाच थंडपणा. मी सेटर असताना, प्रेस जुळवून देताना दिवसातून दहा वेळा जिथं पाना ठेवायचो, तिथं माझा हात आपोआप गेला.

अडचण अशी. त्यांनी साफसफाई केलीय, छोटी मोटर बसवलीय, फ्लायव्हील छान फिरतंय. पण पेडल दाबून सोडलं की प्रेस खाली येतो, वर जातो, आणि वर थांबत नाही. डबल मारतो. मी क्लच खोलून पाहिला, फ्लायव्हीलला प्रेसशी जोडणारी चावी ठीक दिसते. ड्रॉइंग कुठंच नाही. त्या मशीनचा आवाज मला कळायचा, पण तुला त्याचं पोट कळायचं.

कोणी आत हात घालत नाही, मी घालू देत नाही.

पुष्करचा फोन नंबर खाली लिहिलाय. तुला लिहायचं नसेल तर तुझ्या तन्वीला एक ओळ टाकायला सांग.

नंदकिशोर


हिगाशी-कसाई
२७ ऑक्टोबर २०२४

जयप्रकाश,

तुझी ओळ आली. तुझ्या लेकीनं पुष्करला पाठवली, त्यानं मला ऑफिसातून फोन करून वाचून दाखवली. ‘बाबा म्हणतात, चावीची शेपटी घासलीय, म्हणून प्रेसला वर अडवणारा लॅच सुटतो. शेपटी वेल्डिंगनं भरून घ्या. स्प्रिंग नवी टाका. जुनीला तार बांधू नका.’

एक्केचाळीस वर्षांनी तुझ्याकडून तीन-चार वाक्यं आली आणि मी ती कचऱ्याच्या तक्त्याच्या मागे लिहून ठेवली.

शेपटी खरंच घासली होती, नखाएवढी; ती भरून घेतली. इथं जवळच एक स्प्रिंगवाला आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, घराच्या खालच्या खोलीत दोन मशिनं. मी वर्तमानपत्राच्या कडेवर स्केच काढून दिलं. तो काही बोलला नाही, केतकीलाही बोलू दिलं नाही. तासाभरात स्प्रिंग आणून माझ्या तळहातावर ठेवली आणि दाबून बघ अशी खूण केली. भाषेवाचून आमचं काही अडलं नाही.

गेल्या शनिवारी प्रेस चालला. एक ठोका, वर गेला, आणि बरोब्बर माथ्यावर थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबला. पन्नास वेळा केलं, पन्नास वेळा थांबला. तिथल्या सात-आठ म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. इशिमोरी-सान माझ्यासमोर इतके खाली वाकले की मीच त्यांना धरायला पुढं झालो. मी केतकीला म्हटलं, यांना सांग, दुरुस्ती चिंचवडहून आलीय, मी फक्त पाना फिरवला. तिनं तुझं नाव सांगितलं. खरंच सांगितलं.

खूप दिवसांनी हाताला ग्रीस लागलं होतं. घरी येऊन मी ते लगेच धुतलं नाही.

आता दुसरी गोष्ट. तेवीस नोव्हेंबरला इथं एक सुट्टी असते, कष्टाबद्दल आभार मानायची. त्या दिवशी संग्रहालयाचा हा भाग उघडणार आहे. एक स्वयंसेवक जुन्या पद्धतीनं प्रेस चालवून दाखवणार, म्हणजे हातानं पत्रा आत ठेवायचा, पेडल, हातानं बाहेर काढायचा. मी म्हटलं, जाळी लावा आणि दोन हातांची बटणं बसवा, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय प्रेस खाली येणारच नाही. ते म्हणाले, त्या काळी जाळी नव्हती, आम्हाला जसं होतं तसं दाखवायचंय. मी पुन्हा म्हटलं. त्यावर ते हसून काहीतरी बोलले. मी खूश झालो. केतकी बाहेर आल्यावर म्हणाली, “बाबा, ‘विचार करू’ म्हणाले. म्हणजे इथं नाही.”

भिंतीवर एक फलकही लागणार आहे. केतकीनं वाचून दाखवला. कारागिरांचे कसबी हात, कुटुंबासारखं वातावरण, देशाच्या उभारणीचा उत्साह. खोटं काहीच नाही. आपल्या शॉपबद्दलही असंच लिहिता येईल.

तुझ्या ओळीतल्या शेवटच्या वाक्याबद्दल. तार वगैरे आपल्याकडे कधी बांधली जात नव्हती. स्प्रिंग जुनी होती, तुटली. त्यात कोणा एकाचा दोष नव्हता. तुला कोणी काही सांगितलं असेल तर ते तसं नाही.

तब्येत सांभाळ. ज्योत्स्नावहिनींना नमस्कार सांग.

नंदकिशोर


हिगाशी-कसाई
१० नोव्हेंबर २०२४

जयप्रकाश,

मागच्या पत्रातला तारेबद्दलचा परिच्छेद धरू नकोस. तो खरा नाही. का ते लिहितो, पण मला आधी काल जे झालं ते सांगू दे, नाहीतर मी पुन्हा गडबड करेन.

काल इशिमोरी-साननी हामानो-सान नावाच्या बाईंना आणलं. नव्वद वर्षांच्या. त्या कारखान्यात पंधराव्या वर्षी लागल्या, १९४९ साली. चार फुटी, चाकांच्या वॉकरच्या आधारानं चालणाऱ्या, पण केस विंचरलेले आणि ओठांना लाली. केतकीनं त्यांचा हात धरून खुर्चीत बसवलं. मी माझं काम दाखवायला म्हणून मोठ्या ऐटीत मोटर चालू केली.

फ्लायव्हीलनं वेग धरला आणि त्या बाईंचे दोन्ही हात पाठीमागे गेले.

त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. नव्वद वर्षांची बाई शाळेतल्या मुलीसारखी हात पाठीशी बांधून बसली होती. मी मोटर बंद केली. आवाज थांबला तेव्हा कुठं त्या हसल्या आणि त्यांनी हात पुढं आणले. डाव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून नाहीत.

मग त्या बोलत राहिल्या, केतकी सांगत राहिली. लाकडी खडावा घालून तेलकट जमिनीवर उभं राहायचं, बूट फक्त फोरमनला. डोक्यावरून पट्टे फिरायचे, त्यात मुलींचे केस जाऊ नयेत म्हणून रुमाल करकचून बांधायचा. थंडीत पत्रा इतका गार की कातडी चिकटायची. संडासाला जायचं तर लाकडी बिल्ला घ्यायचा, आणि तीसजणींत बिल्ले दोन. बोट गेलेली मुलगी परत कामावर आली की फोरमन म्हणायचा, आता झालीस खरी प्रेसवाली.

मी विचारायला सांगितलं, राग येतो का? त्या म्हणाल्या, “राग येतो आणि अभिमानही वाटतो, दोन्ही एकदम. मी मडगार्डचे ब्रॅकेट मारायचे. दिवसाला सातशे. तोक्योत एखादा तीनचाकी ट्रक दिसला की मी चाकाशी वाकून बघायचे, हा माझा असेल का. माझा नवरा लाजायचा.”

जयप्रकाश, मला तुझं आठवलं. पिंपरी चौकात रिक्षा थांबली की तू बसायच्या आधी आपल्या शॉपमध्ये मारलेल्या दरवाजाखालच्या पत्र्यावर बोट फिरवायचास. रिक्षावाला म्हणायचा, काय साहेब, घ्यायचीय का? तू म्हणायचास, दिलीय मी तुला.

मग केतकीनं विचारलं, अपघाताची चौकशी झाली का? बाई म्हणाल्या, झाली. रजिस्टरमध्ये एक शब्द लिहिला. फुचूई.

केतकीनं माझ्याकडे वळून सहज सांगितलं, “निष्काळजीपणा, बाबा.”

मी पाणी प्यायचं म्हणून बाहेर गेलो. बाहेर कॅनचं मशीन आहे. त्याच्यासमोर मी उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे. इशिमोरी-सान आले, त्यांना वाटलं मला कसं चालवायचं ते कळत नाहीये, त्यांनी नाणी टाकून गरम चहा काढून दिला.

तो शब्द माझ्या अक्षरात कुठं लिहिलाय, हे तुला माहीत आहे. मला वाटायचं, माहीत नसेल. चौकशीच्या खोलीत तुला कागद दाखवला की नुसता वाचून दाखवला, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. पण ‘तार बांधू नका’ ही ओळ ज्यानं सांगितली त्याला सगळं माहीत आहे.

पुढचं मला आज लिहिता येत नाही. हात चालत नाही असं नाही, चालतो. पुष्कर शेजारच्या खोलीत आहे. त्याला मी लहानपणी सांगितलं होतं की जयप्रकाशकाकांचं लक्ष नव्हतं, म्हणून बोटं गेली. मशीनसमोर लक्ष हवं, बरं का पुष्कर. असं त्याला शिकवताना तुझं उदाहरण देत होतो मी.

नंदकिशोर


हिगाशी-कसाई
२४ नोव्हेंबर २०२४

जयप्रकाश,

काल तो कार्यक्रम झाला. सगळं क्रमानं लिहितो. हे पत्र लांबेल.

आधीचे दोन आठवडे मी जाळीवर अडून बसलो होतो. केतकीमार्फत मी त्यांना सांगितलं, जाळी नसेल तर मी क्लचची चावी काढून घरी नेईन, मग प्रेस पुतळ्यासारखा उभा करा. केतकी म्हणाली, “बाबा, हे असंच सांगू?” मी म्हटलं, असंच. तिनं सांगितलं. इतक्या सभ्य लोकांना मी धमकी दिली होती. तेव्हा हामानो-सान खुर्चीतून म्हणाल्या, “जाळीशिवाय चालणार असेल तर मी येणार नाही. आणि मी आले नाही, तर जसं होतं तसं सांगणारं तुमच्याकडे कोण आहे?” जाळी लागली. पारदर्शक, जाड. दोन हातांची बटणंही लागली. पेडलला मी स्वतः कुलूप घातलं.

काल शेडमध्ये शंभरएक माणसं. लहान मुलं पुढं जमिनीवर. पुष्करही आला, सूट घालून. इशिमोरी-साननी त्याला विनंती केली की तुमच्या वडिलांची ओळख तुम्ही करून द्या. त्यानं जपानीत दोन-तीन मिनिटं ओळख करून दिली. लोक माना डोलावत होते, शेवटी मोठ्या टाळ्या झाल्या. माझा मुलगा परक्या भाषेत माझ्याबद्दल बोलत होता, माझी छाती फुगली. मी केतकीला विचारलं, शेवटी काय म्हणाला गं?

तिनं सांगितलं. “म्हणाला, माझ्या वडिलांनी अडतीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली, आणि त्यांच्या हाताखाली एकही अपघात झाला नाही.”

तो खोटं बोलला नव्हता. त्याला मी जे सांगितलं तेच तो बोलला होता.

माइक माझ्या हातात आला. बोलायचं काय ते ठरलेलं होतं, आभार आणि स्प्रिंगवाल्याचं कौतुक. मी केतकीला म्हटलं, मी आता जे बोलेन त्यातला एकही शब्द मऊ करू नकोस. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

मग मी बोललो. जसं बोललो तसंच तुला लिहितो, कारण हे खरं तर तुझ्याच समोर बोलायचं होतं.

माझ्या मुलाला चुकीची माहिती आहे, आणि ती मी दिली आहे. १७ ऑगस्ट १९८३, पहिली पाळी. तीन नंबरच्या प्रेसवर माझा मित्र जयप्रकाश होता. सेटर मी. सकाळी आठच्या सुमाराला त्या प्रेसनं एकदा डबल मारला. जयप्रकाशनं मला हाक मारली. मी लॅचची स्प्रिंग पाहिली, ती मधोमध तडकली होती. मी साहेबांना सांगितलं, मशीन बंद करू या. ते म्हणाले, दुपारी माल जायचाय, पाळी काढ. स्टोअरमध्ये स्प्रिंग नव्हती. मी तिला तार बांधली. जयप्रकाशला मी सांगितलं, झालं, चालव. तो चालवायला लागला, कारण सांगणारा मी होतो. सव्वाअकराला तार सुटली. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

संध्याकाळी ऑफिसात मला कागद दिला. मजकूर साहेबांनी सांगितला. मशीन सुस्थितीत होते, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. अक्षर माझं, सही माझी. तार मी आधीच काढून खिशात टाकली होती. सहा महिन्यांनी मला बढती देऊन चार्जहँड केलं.

एवढं बोलून मी थांबलो. केतकी सांगत होती. तिचा आवाज एकदाही हलला नाही. तार खिशात टाकली, तेही तिनं सांगितलं. मी पुष्करकडे बघायचं टाळलं. पुढं बसलेली मुलं माझ्या हातांकडे बघत होती, दहा बोटं मोजत असावीत.

मग मी म्हटलं, आता या प्रेसला जी जाळी लावलीय तिच्याबद्दल. ती माझी कल्पना नाही. जयप्रकाश दवाखान्यातून आला, त्याला प्रेसवरून काढून स्टोअरला टाकलं. दुसरा कोणी गप्प बसला असता. तो दोन वर्षं फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात खेटे घालत राहिला, डाव्या हातानं अर्ज लिहीत राहिला. स्वतःसाठी काही मागितलं नाही. प्रत्येक अर्जात एकच गोष्ट, प्रत्येक प्रेसला जाळी आणि दोन बटणं. १९८६ साली ती लागली. चाळीसच्या चाळीस प्रेसना. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या शॉपमध्ये कोणाचंही बोट गेलं नाही. माझ्या हाताखाली अपघात झाले नाहीत असं लोक म्हणतात, ते त्याच्यामुळे. मी त्या बिनअपघाताच्या वर्षांवर बढत्या घेतल्या. काम त्याचं होतं.

जयप्रकाश, आयुष्यात पहिल्यांदा मी मान वर करून आपल्या शॉपबद्दल बोललो. आणि बोललो तुझ्याबद्दल. मला रडू येईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. माझा आवाज मोठा झाला. मला अभिमान वाटत होता, आपण असा एक माणूस पाहिलाय याचा.

टाळ्या लगेच झाल्या नाहीत. आधी हामानो-सान उठल्या. त्यांनी विचारलं, त्या माणसाचं पूर्ण नाव काय? केतकीनं सांगितलं. बाई हळूहळू म्हणाल्या, “जाया-पुराकाशु-सान.” मग पिशवीतून पेन्सिल काढून त्यांनी ते नाव पत्रकाच्या मागे लिहून घेतलं. त्यानंतर टाळ्या झाल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या, आणि मला ते बरं वाटलं.

फलक बदलणार आहेत. इशिमोरी-सान सोमवारी हामानो-सानकडे वही घेऊन जाणार आहेत. बिल्ले, खडावा, केसांचे रुमाल, बोटं, सगळं लिहिणार. आणि मडगार्डही, ते लिहिलंच पाहिजे असं बाईंनी बजावलंय.

घरी येताना बसमध्ये पुष्कर एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. तो खिडकीबाहेर बघत होता. घरी आल्यावर न जेवता खोलीत गेला. आज सकाळी मी पेपर रचून बांधत होतो, तेव्हा येऊन समोर बसला.

“मी कॉलेजात असताना एकदा जयप्रकाशकाका भेटले होते,” तो म्हणाला. “चिंचवड स्टेशनला. मी त्यांना म्हटलं होतं, काका, तुम्ही थोडं लक्ष दिलं असतं तर. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, आई कशी आहे.”

मला हे माहीत नव्हतं. तू त्याला खरं सांगू शकला असतास.

मी म्हटलं, पुष्कर, मला काही म्हण. तो म्हणाला, “तुमचा अभिमान वाटतो असं मी आज म्हणणार नाही, बाबा. उद्याही नाही. पण तुम्ही काकांकडे जाल तेव्हा मी रजा काढून बरोबर येतो. मलाही त्यांना काही सांगायचंय.”

सोबतचा कागद बघ. मी माझ्या हातानं लिहिलाय, मराठीत, तारीख घालून. खाली साक्षीदार म्हणून केतकीनं सही केलीय, तिनं ऐकलंय म्हणून. त्यात तार, वेळ, साहेबांचे शब्द, माझी सही, सगळं आहे. कंपनीला पाठव, युनियनला दे, नाहीतर फाडून टाक. माझ्याकडे त्याची प्रत नाही, मी ठेवली नाही.

मी २८ डिसेंबरला परत येतोय. तू म्हणालास तर येईन. नाही म्हणालास तर येणार नाही, पण यापुढे घाटावर, स्टेशनवर, कुठंही भेटलास तर दुसऱ्या बाजूला वळणार नाही.

नंदकिशोर


चिंचवड
९ डिसेंबर २०२४

नंदू,

डाव्या हाताचं अक्षर आहे, वाचायला त्रास होईल. तो घे.

तुझी चारही पत्रं तन्वीनं मोठ्यानं वाचली. ज्योत्स्ना समोर भाजी निवडत होती. चौथ्या पत्राला तिनं विळी बाजूला ठेवली.

तार मला त्याच दिवशी दिसली होती. हात अडकलेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर तारेचं टोक. तू ती काढताना पण मी पाहिलं. चौकशीत मी बोललो, त्यांनी लिहून घेतलं नाही. तुझ्या कागदापुढे माझं बोलणं टिकलं नाही. मला तुझ्याकडून माफी नको होती. मला ते तुझ्या अक्षरात हवं होतं, कारण खोटं पण तुझ्या अक्षरात होतं. आता मिळालं. कागद मी फाडलेला नाही. प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय.

माफ केलं असं लिहीत नाही. ते मला अजून जमलेलं नाही. जमेल का, माहीत नाही.

तू तिथं एक गोष्ट चुकीची सांगितलीस. काम माझ्या एकट्याचं नव्हतं. अर्जाखाली त्रेचाळीस सह्या होत्या. शॉपमध्ये तेव्हा साठ माणसं होती. सही केली तर ओव्हरटाइम बंद होणार हे प्रत्येकाला माहीत होतं, तरी त्रेचाळीस. अंगठे धरून. परत कधी बोलशील तर हा आकडा सांग. मी दोन वर्षं खेटे घातले ते त्या त्रेचाळीसांच्या जिवावर. मला बोटं गेल्याचं दुःख आहे, पण त्या कागदाचा गर्व आहे. अजून आहे.

तुझ्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचा मडगार्ड आणि माझा दरवाजाखालचा पत्रा, दोन्ही गंजून गेले असतील. पण चांगले मारलेले होते, हेही सांग.

पुष्करला म्हणावं, स्टेशनवरचं मनात ठेवू नकोस. पोरगं होतं ते. त्याला मी काय सांगणार होतो, तुझा बाप काय आहे ते? कल्पनाताईंनी माझ्या दवाखान्यातल्या दिवसांत रोज डबा पाठवला होता, तुला न सांगता. हे पण तुला माहीत नसेल.

आता कामाचं. दरवर्षी सुरक्षा सप्ताहात मला आयटीआयमध्ये बोलावतात. अठरा वर्षं जातोय. हल्ली मुलीही असतात प्रेसच्या बॅचला, चांगल्या धीट. मी त्यांना हात दाखवतो, मशीन कसं डबल मारतं ते समजावतो. आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, काका, चूक कोणाची होती? मी सांगतो, स्प्रिंगची. अठरा वर्षं मी स्प्रिंगची सांगतोय. पोरांना ते पटत नाही, त्यांच्या तोंडावर दिसतं. स्प्रिंग स्वतः होऊन कामाला लागत नाही, हे त्यांना कळतं.

येत्या ४ मार्चला आहे, मंगळवारी, सकाळी साडेनऊला. तू ये. माझ्या शेजारी उभा राहा. हात मी दाखवीन. तो प्रश्न आला की उत्तर तू दे.

ज्योत्स्ना म्हणतेय, आधी घरी चहाला बोलवा. मी म्हटलं, आधी आयटीआय. मग चहा.

जयप्रकाश